प्रमाणपत्र द्यायचं असेल, तर ते काढून घ्यायचा नियम आधी लिहा

प्रश्न असा आहे. पाइपिंग, वेल्डिंग आणि वायरिंगची कामं करणाऱ्या कारागिरांच्या एका संघटनेनं स्वतःच परीक्षा घेऊन स्वतःचं प्रमाणपत्र द्यायचं मनावर घेतलंय. सभासदांत तीन तट पडलेत. काहींना वाटतं हे सरकारचं काम, आपण त्यात पडू नये. काही म्हणतात, कागद हवाच कशाला, काम बोलतं. तिसऱ्या गटाला घाई झाली आहे, कारण कोणीही उठतो आणि कमी पैशात काम उचलतो. करावं का, आणि करायचं तर कसं, असं विचारलंय. शिवाय एक पोटप्रश्न आहे: जुन्या जाणत्या सभासदांनाही परीक्षेला बसवायचं का?

मी आधी हातात होल्डर धरून पाइप वेल्डिंग केलं, मग इन्स्पेक्शनमध्ये आलो, आणि आता बराच काळ वेल्डरांच्या परीक्षा घेतो. त्यामुळे उदाहरणं वेल्डिंगची जास्त येतील, पण गॅस फिटर, इलेक्ट्रिशियन, लिफ्ट मेकॅनिक या सगळ्यांना यातलं बहुतेक लागू पडतं. थोडक्यात उत्तर हवं असेल तर: संघटनेनं हे काम जरूर अंगावर घ्यावं. मात्र ज्या दिवशी अध्यक्षांच्या सख्ख्या भावाचं प्रमाणपत्र रद्द करायची वेळ येईल, त्या दिवशी ते रद्द होईल, अशी व्यवस्था आधी उभी करा. तेवढी तयारी नसेल तर परीक्षेच्या भानगडीत पडू नका, नुसती संघटना चालवा. सभासदांच्या मजुरीसाठी आणि हक्कांसाठी भांडणं हेही मोलाचं काम आहे, फक्त ते वेगळं काम आहे.

आधी त्या ‘काम बोलतं’बद्दल. दिसणारं काम बोलतं, हे खरंच आहे. रंग, फर्निचर, दाराचं बिजागर यावरून गिऱ्हाईक हात फिरवून बघतं आणि पटलं नाही तर पैसे अडवतं. झाकलं जाणारं काम मात्र मुकं असतं. प्लास्टरच्या आतली वायर, जमिनीखालची लाइन, पाइपच्या आतल्या अंगाचा रूट रन, म्हणजे जोडाच्या तळाचा पहिला वेल्ड, यात खोट असली तरी काम ताब्यात देताना सगळं ठीकच दिसतं. दिवा लागतो, बर्नर पेटतो, जोड गळत नाही. खोट उघडी पडते काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, आणि तिची झळ ज्यानं काम करून घेतलं त्याच्यापुरती राहत नाही.

16 मे 1968 ला पहाटे लंडनमधल्या रोनन पॉइंट या 22 मजली इमारतीत 18व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. भिंतीची पॅनेलं बाहेर फेकली गेली आणि इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसं गेली. इमारतीची बांधणीच कच्ची होती, आणि इंजिनिअर मंडळी या घटनेतून तेवढंच शिकतात. पण मुळात गॅस सुटला कुठून? शेगडीच्या जोडणीत बसवलेला एक पितळी नट दर्जाला उतरणारा नव्हता, असं चौकशीत निघालं. घरात राहणाऱ्या बाईंनी तो नट बघून काय ओळखायचं होतं? ते ओळखू शकणारा माणूस एकच, दुसरा गॅस फिटर. कारागिरांनी स्वतःवर स्वतः नजर ठेवावी असं मी म्हणतो, त्यामागचं कारण हेच आहे. झाकलेल्या कामातली खोट त्याच धंद्यातल्या माणसाला दिसते, आणि बहुतेक वेळा फक्त त्यालाच दिसते.

म्हणून पहिली पायरी अशी की कोणत्या कामाला प्रमाणपत्र लागेल याची यादी करा आणि ती तोकडी ठेवा. दोन प्रश्न विचारा. चूक झाली तर जीव किंवा मोठं नुकसान होऊ शकतं का? आणि ती चूक गिऱ्हाइकाला वेळेत दिसते का? पहिल्याचं उत्तर हो आणि दुसऱ्याचं नाही असेल तिथंच परीक्षा लावा. बाकी कामं मोकळी सोडा. सगळ्याच कामांना कागद लावायला गेलात तर परीक्षेची ताकद पांगते आणि लोकांना वाटायला लागतं की हे धंदा अडवायला बसलेत.

ही यादी करणं दिसतं तितकं सोपं नाही. जर्मनीत 1953 च्या कायद्यानं बऱ्याच हस्तव्यवसायांत स्वतंत्र धंदा मांडायला ‘माइस्टर’, म्हणजे उस्तादाची परीक्षा पास असणं बंधनकारक होतं. ही परीक्षा नुसत्या हातकामाची नाही. प्रत्यक्ष काम, त्यामागचं शास्त्र, हिशेब आणि कायदा, आणि शिकाऊ मुलांना शिकवता येणं असे तिचे चार भाग. 2004 साली 94 पैकी 53 व्यवसायांची ही अट काढून टाकली. फरशी-टाइल बसवणं त्यातच होतं, कारण चुकीच्या टाइलनं कोण मरतंय, असा विचार. नंतर टाइल बसवणाऱ्यांच्या फर्म कित्येक पटींनी वाढल्या आणि शिकाऊ उमेदवार घेऊन त्यांना घडवणारे मात्र घटले. 2020 मध्ये 12 व्यवसायांना अट परत लावली, त्यात टाइलवाले आले. मला यातून दोन गोष्टी कळतात. टाइल दिसते, पण तिच्याखालचं वॉटरप्रूफिंग दिसत नाही, म्हणजे दिसणाऱ्या कामाच्या पोटातही झाकलेलं काम असतं. आणि दुसरं, परीक्षा फक्त गिऱ्हाइकाला वाचवत नाही, ती शिकवण्याची साखळीही धरून ठेवते. उलट बाजूही सांगायला हवी: अट काढल्यावर ज्यांना धंद्यात शिरता आलं, त्यातले अनेक जण चांगले कारागीर होते आणि आधी त्यांना दार बंद होतं. दोन्ही खरं आहे.

आता सरकारनं करावं की आपण? हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, कारण चांगल्या व्यवस्थेत दोघंही असतात. काय चालणार नाही हे कायदा ठरवतो. कोणाला काम येतं हे धंद्यातले लोक ठरवतात. प्रमाणपत्र, नोंदणी आणि परवाना यांची गल्लत मात्र करू नका. प्रमाणपत्र सांगतं की या माणसाला हे काम येतं. नोंदणी म्हणजे अशा माणसांची उघडी यादी. परवाना म्हणजे तो नसेल तर काम करायला बंदी. पहिल्या दोन गोष्टी संघटना देऊ शकते, तिसरी कायद्याच्या हातात. ब्रिटनमध्ये गॅस फिटरांची ‘कॉर्गी’ ही नोंदणी 1970 ला ऐच्छिक म्हणून सुरू झाली, सक्तीची झाली 1991 ला, आणि 1 एप्रिल 2009 ला तिची जागा गॅस सेफ रजिस्टरनं घेतली. मधली 21 वर्षं ती ऐच्छिक होती, आणि मला तो काळ वाया गेलेला वाटत नाही. ऐच्छिक असताना तुम्हाला विश्वास कमवावा लागतो. पहिल्या दिवसापासून सक्ती मागणारी संघटना ती कमाई करतच नाही.

परीक्षा कशाची घ्यायची, यावर माझं मत पक्कं आहे: कामाची. वर्षांची नाही. इंग्लंडमध्ये 1563 चा कायदा होता की सात वर्षं शिकाऊ राहिल्याशिवाय धंदा करायचा नाही. 1776 मध्ये अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथनं त्यावर बोट ठेवलं. त्याचं म्हणणं, चांदीच्या भांड्यावरचा ठसा गिऱ्हाइकाला जी खात्री देतो, ती सात वर्षांच्या उमेदवारीचा कायदा देऊ शकत नाही. 1814 ला ती अट गेली, ठसा मात्र अजून आहे. त्या ठशाचा इतिहास तुमच्या समितीनं लक्षात घ्यावा असा आहे. 1300 सालच्या कायद्यानं सोनारांच्याच प्रमुखांवर चांदी पारखून शिक्का मारायची जबाबदारी टाकली. पुढे 1363 पासून घडवणाऱ्याचा स्वतःचा ठसा आला. आणि 1478 पासून लंडनच्या सोनारांच्या सभागृहात पारख व्हायला लागली तेव्हा दरवर्षी बदलणारं एक अक्षरही उमटायला लागलं. ते अक्षर कशासाठी? खोटी चांदी पुढे कधी सापडली तर त्या वर्षी पारखायला कोण बसलं होतं हे कळावं म्हणून. म्हणजे घडवणारा जबाबदार, आणि पास करणाराही जबाबदार. आजच्या किती प्रमाणपत्रांवर परीक्षकाचं नाव नीट वाचता येतं?

वेल्डिंगची परीक्षा कशी असते ते थोडं खोलात सांगतो, कारण कामाची परीक्षा म्हणजे काय हे त्यातून समजेल. पाइप वेल्डरला ‘सिक्स-जी’ पोझिशन देतात. पाइप 45 अंशांत तिरपा बांधलेला असतो आणि तो फिरवायचा नाही. त्यामुळे एकाच जोडात खाली वाकून, उभं आणि डोक्यावर अशा सगळ्या तऱ्हांनी हात चालवावा लागतो. सुरुवातीलाच परीक्षक पाइपवर पंचनं नंबर मारतो, म्हणजे तुकडा मध्येच बदलता येत नाही. फिटअप झालं, म्हणजे पाइपचे दोन तुकडे जुळवून झाले, की रूट गॅप, म्हणजे त्यांच्यामधली फट, बघतो. रूट रन झाल्यावर थांबवून आत टॉर्च मारतो. कुठं वेल्ड आत शोषला गेलाय, कुठं कडा न वितळता तशीच राहिली आहे, हे तिथं दिसतं. कॅपिंग, म्हणजे वेल्डचा वरचा शेवटचा थर, झालं की आधी नजरेची तपासणी. मग त्या जोडातून ठरलेल्या जागांवरून पट्ट्या कापतात आणि त्या फॉर्मर नावाच्या गोल साच्यावर 180 अंश वाकवतात, काहींची रूटची बाजू बाहेर, काहींची फेसची, म्हणजे वरची. वाकलेल्या पट्टीच्या ताणलेल्या बाजूवर 3 मिलिमीटरपेक्षा मोठी चीर उघडली तर नापास. काही ठिकाणी वाकवण्याऐवजी रेडिओग्राफी, म्हणजे जोडाचा एक्स-रेसारखा फोटो, घेतात. इथं बोलण्यात हुशारी चालत नाही आणि ओळख चालत नाही. पट्टी वाकते किंवा फाटते, आणि ती वेल्डरच्या समोर वाकवायची असा माझा नेम आहे. नापास झालेला माणूससुद्धा ती पट्टी हातात घेऊन बघतो आणि वाद घालत नाही.

तुमच्या संघटनेत वायरिंगवाले आहेत, त्यांच्यासाठी अशीच परीक्षा बांधता येते. तयार बोर्डात मुद्दाम दोष घालून ठेवा: अर्थिंगची सैल जोडणी, अदलाबदल झालेले फेज-न्यूट्रल, चुकीच्या रेटिंगचा एमसीबी. दोष शोधायला लावा, मीटरनं मोजायला लावा. आणि सगळ्यात आधी हे बघा की उमेदवार सप्लाय बंद करून, कुलूप लावून, खरंच बंद झालाय का ते तपासतो की नाही. ते न करता ज्यानं हात घातला, त्याची परीक्षा तिथंच थांबवायची. बाकी कितीही चांगलं आलं असो.

चांगलं प्रमाणपत्र माणसाला काय येतं ते सांगतं, तसं कशाची परवानगी नाही तेही सांगतं. आमच्याकडे उभ्या प्लेटवर परीक्षा दिलेल्याला ओव्हरहेड करता येत नाही. एएसएमई या अमेरिकी इंजिनिअरांच्या संस्थेच्या कोडप्रमाणे, म्हणजे नियमावलीप्रमाणे, 73 मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या पाइपवर पास झालेल्याला त्याखालच्या पाइपवर हात लावता येत नाही, कारण छोट्या पाइपला हात वेगळा लागतो. गॅस सेफच्या कार्डाच्या मागच्या बाजूला त्या फिटरला कोणती कामं करायची मुभा आहे ते छापलेलं असतं, आणि घरमालकांना सांगितलेलं असतं की कार्ड उलटून बघा. तुम्हीही ‘कुशल कारागीर’ असा मोघम शिक्का देऊ नका. तो शिक्का घेऊन माणूस कुठलंही काम घेतो आणि जबाबदार तुम्ही ठरता.

मुदतीबद्दल. हात बसलेला असतो तोपर्यंत असतो. एएसएमई कोडमध्ये एखाद्या पद्धतीचं वेल्डिंग सहा महिने केलं नाही तर त्या पद्धतीची पात्रता संपते. आयएसओ 9606-1 या वेल्डरांच्या परीक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकातही दर सहा महिन्यांनी कोणीतरी जबाबदार माणसानं सही करून सांगायचं असतं की हा वेल्डर या कामात आहे. नियम चांगला आहे, पण तो सहीवर उभा आहे, आणि सही स्वस्त असते. एका कामावर मी वेल्डरांच्या फायली बघत होतो. एका फाइलमध्ये पाच सहामाही सह्या होत्या. पाचही एकाच पेनाच्या, एकाच शाईच्या, एकाच तिरक्या रेषेत, आणि तारखांतला आकडा पाचही वेळा सारखाच वळवलेला. एका बैठकीत केलेल्या. वेल्डरला विचारलं तर तो खरं बोलला, मधलं वर्षभर त्यानं फिटिंगच केलं होतं. त्याला पुन्हा परीक्षेला बसवलं आणि तो पास झाला. माझी तक्रार त्याच्याबद्दल नव्हतीच, सही करणाऱ्याबद्दल होती. म्हणून तुमच्या नियमात असं घाला की सहीसोबत कामाचा पुरावा जोडायचा, जोड क्रमांक, ठिकाण, तपासणीचा अहवाल. आणि खोटी सही करणाऱ्याला वाईट काम करणाऱ्यापेक्षा कडक शिक्षा. वाईट जोड एकाच ठिकाणी फुटतो. खोट्या सहीनं सगळ्या फायलींवरचा विश्वास जातो.

शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा हवा. हे सगळे कबूल करतात आणि पैशाची गाठ पडली की सगळे विसरतात. जोडांची अल्ट्रासॉनिक किंवा रेडिओग्राफी तपासणी करणाऱ्यांच्या क्षेत्रात दोन पद्धती शेजारी शेजारी चालतात. एसएनटी-टीसी-1ए या अमेरिकी शिफारशीनुसार मालक कंपनीच आपल्या माणसांना प्रमाणित करते. आयएसओ 9712 या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ते काम स्वतंत्र संस्था करते, तिनं प्रशिक्षणात थेट पडायचं नाही, आणि परीक्षकानं आपणच शिकवलेल्या उमेदवाराची परीक्षा घ्यायची नाही. पहिली पद्धत निकामी आहे असं मी म्हणणार नाही. प्रामाणिक कंपनीत ती उत्तम चालते, कारण काम करणाऱ्याला सगळ्यात जवळून तीच ओळखते. पण ती मालकाच्या प्रामाणिकपणावर चालते, आणि गिऱ्हाइकाला तो मोजता येत नाही. तुमची संघटना क्लासही चालवणार असेल तर परीक्षेचं खातं, परीक्षेचा पैसा आणि परीक्षेची माणसं पूर्ण वेगळी ठेवा. फी पास झाल्यावर घेऊ नका, बसतानाच घ्या. पास झाल्यावरच पैसे मिळणार असतील तर हळूहळू सगळेच पास व्हायला लागतात.

स्वतःच स्वतःवर नियम लावणाऱ्या संस्थेचं पाऊल कुठं घसरतं, याचं एक प्रकरण मी नव्या परीक्षकांना हमखास सांगतो. एएसएमई ही मेकॅनिकल इंजिनिअरांची अमेरिकेतली जुनी, नावाजलेली संस्था. 1905 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनला बूट कारखान्याचा बॉयलर फुटून 58 माणसं मेली. अशा दुर्घटनांच्या पार्श्वभूमीवर या संस्थेनं बॉयलर कोड तयार केला, आणि त्यामुळे वाचलेले जीव कोण मोजणार! त्याच संस्थेत 1971 ला असं घडलं. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की इंधन तोडणारं एक उपकरण असतं. हायड्रोलेव्हल नावाच्या छोट्या कंपनीनं त्याचा नवा प्रकार बाजारात आणला होता. बाजारात आधीपासून वरचढ असलेल्या स्पर्धक कंपनीचा एक अधिकारी एएसएमईच्या संबंधित उपसमितीचा उपाध्यक्ष होता. त्याच्या कंपनीकडून कोडच्या अर्थाबद्दल विचारणारं पत्र गेलं, उपसमितीच्या अध्यक्षांनीच उत्तराचा मसुदा केला, आणि ते उत्तर अशा बेतानं लिहिलं गेलं की नव्या उपकरणाच्या सुरक्षिततेवर शंका यावी. स्पर्धकाचे विक्रेते ते उत्तर गिऱ्हाइकांना दाखवत फिरले. छोट्या कंपनीचा धंदा बसला. 1982 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की संस्थेच्या नावानं हे झालं, तेव्हा संस्थाच जबाबदार. समितीतले लोक बिनपगारी स्वयंसेवक असले तरी.

यात कोणी लाचेची पाकिटं दिली नव्हती. एक पत्र, एक उत्तर, संस्थेचा कागद. म्हणूनच ते इतकं धोक्याचं आहे. तुमच्या परीक्षा मंडळात बसणारा प्रत्येक जण स्वतः धंदा करतो आणि उमेदवार उद्या त्याच्याच समोर कोटेशन भरणार असतो. त्यामुळे प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला कोणाचा कुठं हितसंबंध आहे ते लिहून घ्या, आणि तो असलेला माणूस त्या विषयाला खोलीबाहेर जाईल. मंडळात किमान एक-तृतीयांश माणसं धंद्याबाहेरची घ्या: इमारत सांभाळणारे, विमावाले, अग्निशमनातले, गिऱ्हाइकांच्या बाजूनं बोलणारे. त्यांना काम कळणार नाही, पण ‘हा नियम नेमका कोणाला वाचवतो?’ हा प्रश्न तेच विचारतील. आपल्यातल्या आपल्यात तो सुचत नाही.

तो प्रश्न तिसऱ्या गटाला आत्ताच विचारतो. कमी पैशात काम उचलणाऱ्यांना अडवण्यासाठी परीक्षा हवी असेल, तर ती परीक्षा सडेल, कारण तिचं यश किती जण बाहेर राहिले यावर मोजलं जाईल. बाहेरून आलेल्याला काम येत असेल तर तो पास झाला पाहिजे आणि त्याच आठवड्यात यादीत आला पाहिजे. संघटनेचा सभासद असण्याची अट प्रमाणपत्राला लावू नका. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये 2009 च्या कायद्यानं कारागिरांचं स्वतःचं ‘कॉलेज ऑफ ट्रेड्स’ आलं आणि 2013 ला सभासद घ्यायला लागलं. कल्पना चांगली होती, कारभार धंद्यातल्या माणसांकडेच होता. पण वार्षिक शुल्क, कोणता व्यवसाय सक्तीचा, एका उस्तादामागे किती शिकाऊ, यावरून इतका वाद पेटला की 2018 ला सरकारनं ते गुंडाळायचं जाहीर केलं आणि 1 जानेवारी 2022 पासून वेगळी संस्था आली. माझा त्यातून काढलेला निष्कर्ष असा: कारागिराला फी दिसते आणि परीक्षेचा उपयोग दिसत नाही, अशी वेळ आली की स्वनियमन टिकत नाही. आलेल्या पैशाचं काय केलं आणि किती तक्रारी निकाली काढल्या, हे दरवर्षी उघड छापा.

आता तक्रारींकडे येतो, कारण माझ्या मते सगळी व्यवस्था इथं ठरते. परीक्षा घेणं आनंदाचं काम आहे, हार-तुरे असतात. तक्रार आली की सगळे खाली बघतात. एएसएमई कोडमध्ये वेल्डरच्या पात्रतेबद्दल एक छोटंसं कलम आहे: त्याच्या कामाबद्दल शंका घ्यायला ठोस कारण असेल तर त्या कामापुरती पात्रता रद्द होते, आणि पुन्हा परीक्षा देऊन परत मिळते. किती नेटकं! माणसाला बट्टा लावत नाही, धंद्यातून उठवत नाही. शंका आहे, पुन्हा दाखव, बस. तुमच्या नियमांचा गाभा हाच असू द्या.

कार्यपद्धती मी अशी ठेवीन. तक्रार कोणीही करू शकेल, सभासदही, आणि सभासदानं दुसऱ्या सभासदाच्या धोकादायक कामाची तक्रार करणं ही फितुरी मानली जाणार नाही, हे नियमात शब्दांत लिहायचं. काम बघायला दोन जण जातील, दोघंही त्याच भागात धंदा न करणारे. ज्याच्यावर तक्रार आहे तो हजर असेल आणि त्याचं म्हणणं त्याच दिवशी लिहून घेतलं जाईल. जीवाला धोका असेल तर चौकशी संपायची वाट न बघता सप्लाय तोडायचा, लाइन बंद करायची. मग निर्णय. चूक हातून झाली असेल आणि त्यानं ती स्वतः सांगितली असेल तर दुरुस्ती आणि फार तर त्या कामाची फेरपरीक्षा. चूक लपवली असेल, म्हणजे चिरलेल्या जोडावर ग्राइंडर मारून वरून कॅपिंग फिरवलं असेल, तर प्रमाणपत्र थांबवायचं. दुसऱ्याच्या कार्डावर काम केलं किंवा आपलं कार्ड दुसऱ्याला वापरू दिलं तर थेट काढून घ्यायचं. निर्णयावर अपील ऐकणारे लोक वेगळे. आणि काढून घेतलेलं प्रमाणपत्र सार्वजनिक यादीत ‘रद्द’ असं दिसलं पाहिजे. नाव गुपचूप वगळायचं नाही, कारण त्याच्या हातात छापील कार्ड अजून असतंच.

हातून झालेली चूक आणि लपवलेली चूक यातला हा फरक मी पुन्हा ठासून सांगतो. दोघांना सारखीच शिक्षा दिली तर पुढच्या वेळी कोणीच सांगणार नाही, आणि तुम्हाला खोट कळायला स्फोटाची वाट बघावी लागेल. ‘थोडक्यात वाचलं’ अशा प्रसंगांची नाव न विचारता नोंद ठेवणारी एक वही सुरू करा. परीक्षेत काय विचारायचं हे त्या वहीतून ठरेल, पुस्तकातून नाही.

यादीबद्दल थोडक्यात: फोनवर नंबर टाकला की फोटो, कोणती कामं चालतात, मुदत कधी संपते, एवढं दिसू द्या. घरचा पत्ता, जात-पात, बाकी काही नको.

आणि जुन्या जाणत्यांचा प्रश्न. हो, त्यांनाही बसवायचं, आणि सगळ्यात आधी बसवायचं. ‘स्थापनेच्या वेळच्या सभासदांना परीक्षा माफ’ हे कलम बहुतेक नियमावल्यांत कुठंतरी असतं आणि तिथूनच तरुण पोरांचा विश्वास उडतो. पण त्यांना बसवण्याची रीत मानाची हवी. ज्यांनी आयुष्यभर हातानं काम केलं त्यांना तीन तासांचा लेखी पेपर देणं अन्यायाचं आहे. तोंडी विचारा, चालू कामावर जाऊन बघा, हातकाम मात्र सगळ्यांना सारखंच. दोन वर्षांची मुदत द्या आणि त्या काळात कोणाचं काम बंद करू नका. डोळ्यांची तपासणी ठेवा. जोडांची तपासणी करणाऱ्यांना आयएसओ 9712 प्रमाणे जवळच्या नजरेची चाचणी दरवर्षी द्यावीच लागते, त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. सुरुवातीच्या परीक्षकांची स्वतःची परीक्षा तुमच्या संघटनेत कोणी घेऊ नये, बाहेरच्या मान्य परीक्षकाला बोलवा. कोणी ज्येष्ठ नापास झाले तर निकाल त्यांना एकट्याला सांगा, कोणत्या भागात कमी पडलं ते तुकडा दाखवून सांगा, आणि महिनाभरानं पुन्हा बसू द्या. बहुतेक जण दुसऱ्या खेपेला पास होतात, कारण त्यांचा हात गेलेला नसतो, नवी पद्धत तेवढी हाताला लागलेली नसते. जे तरीही पास होत नाहीत त्यांना त्या एका कामातून बाहेर ठेवा आणि शिकवायला बसवा. दोष ओळखायला त्यांच्याइतका तरबेज माणूस परीक्षा मंडळाला दुसरा मिळणार नाही.